चार मिलिमीटरबद्दल आभार

ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मिक्सरच्या डिझाइनच्या, म्हणजे त्याच्या बाहेरून दिसणाऱ्या आकाराच्या, नोंदणीचं काम तुम्ही हाती घेतलंत. त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि उघड अशासाठी, की भोसरीपासून वसईपर्यंत मिक्सर, गिझर, पंखे बनवणारे आमच्यासारखे कितीतरी छोटे कारखाने आहेत. तुमच्याकडे येण्याआधी आम्हाला जे ऐकवलं गेलं, ते त्यांनाही ऐकवलं जात असणार.

आधी ज्या सल्लागाराकडे आमची फाइल होती त्यांचं नाव घेत नाही. त्यांचा सल्ला मात्र लिहितो. "जिनिव्हाला एकच अर्ज टाकू, नव्वदच्या वर देश एका झटक्यात." हेग प्रणाली, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत डिझाइन नोंदवायची ही आंतरराष्ट्रीय सोय, खरी आहे आणि सोयीचीही आहे. लोकार्नो या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या एकाच वर्गातली शंभरपर्यंत डिझाइन्स तिथे एका अर्जात जातात. सॅमसंग, एलजी तिचा भरपूर वापर करतात, कारण दक्षिण कोरिया २०१४ पासून तिचा सदस्य आहे. अमेरिका आणि जपान २०१५ मध्ये आले, ब्रिटन २०१८ मध्ये, चीन २०२२ मध्ये. भारत अजून त्यात नाही. अर्ज करणाऱ्याचं नागरिकत्व, वास्तव्य किंवा खराखुरा चालू व्यवसाय सदस्य देशात असावा लागतो. तिथे नुसता पत्ता भाड्याने घेऊन भागत नाही. कारखाना भोसरीत आणि ऑफिसही भोसरीत, अशा माणसाला ते दार बंद आहे. हे आम्हाला तुमच्या तोंडून, पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

दुसरा सल्ला याहून महागात पडला असता. "घाई कशाला, बाहेरच्या देशांसाठी बारा महिने असतात." बारा महिने पेटंटला असतात. पॅरिस करारात डिझाइनला सहाच महिने आहेत, आणि आपल्या डिझाइन कायद्याचं कलम ४४ही तेच सांगतं. भारतात अर्ज पडला त्या तारखेपासून सहा महिन्यांत बाहेरच्या देशात अर्ज गेला, तरच तिथे भारतातली तारीख धरली जाते. सातव्या महिन्यात गेलात की मधल्या काळात बाजारात आलेली प्रत्येक वस्तू, आणि जिथे सवलत नाही तिथे तुमची स्वतःचीसुद्धा, तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येते. युरोपात याच बारा-सहाच्या वादात एक प्रकरण थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं होतं. खालच्या न्यायालयाने आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाच्या आधारावर डिझाइनला बारा महिने मान्य केले. २७ फेब्रुवारी २०२४ ला वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सहा महिने कायम राहिले. हे तुम्हाला तोंडपाठ होतं. फी घेणाऱ्याला ते ठाऊक असावं, एवढीच आमची अपेक्षा होती.

आता मुख्य गोष्ट. त्या सल्लागारांनी अर्जासाठी आमच्या कॅटलॉगमधले फोटो लावले होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी बॉडी, त्यामुळे डाव्या बाजूची कड दिसतच नव्हती. स्टीलच्या भांड्यावर स्टुडिओच्या दिव्याची चमक, आणि समोर कंपनीचं नाव ठळक. तुम्ही ते फोटो बाजूला ठेवलेत आणि रेखाटनं मागितलीत: एक तिरकं दृश्य आणि पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून अशी सहा. ती आली तेव्हा आम्हाला सगळं ठीक दिसत होतं. तुम्ही उठलात, पुढचं आणि उजवीकडचं असे दोन कागद उचललेत आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरलेत. तळाची रेघ जुळवलीत, झाकणाची जुळली. मग पेन्सिलचं टोक नॉबवर ठेवलंत. पुढच्या दृश्यात नॉब जिथे होता, त्यापेक्षा बाजूच्या दृश्यात चार मिलिमीटर खाली होता.

तुम्ही काही बोलला नाहीत. ड्राफ्ट्समनला फोन लावलात, त्याला जेवण आटपून यायला सांगितलंत आणि तो येईपर्यंत उरलेली दृश्यंही तशीच काचेवर धरून तपासलीत. यासाठी तुम्ही वेगळे पैसे लावले नाहीत, ते काम बिलात कुठे दिसलंही नाही.

ताई, ते चार मिलिमीटर म्हणजे काय हे आता आम्हाला कळतं. दोन दृश्यांत वस्तू वेगवेगळी दिसली, तर नेमकं कोणत्या आकाराला संरक्षण मागितलंय हेच ठरत नाही. अमेरिकेत त्यावर हरकत येते, आणि अर्ज पडल्यावर रेखाटनात नवीन काही घालता येत नाही. युरोपात मुळात नावीन्य तपासलंच जात नाही. स्पेनमधल्या आलिकांते इथल्या युरोपीय संघाच्या कार्यालयातून नोंदणी पटकन मिळते आणि चूक तशीच प्रमाणपत्रावर छापली जाऊ शकते. ती बाहेर येते खटल्याच्या दिवशी, समोरच्या वकिलाच्या हातून.

कंपनीचं नाव आणि वायर यांवरही तुम्ही तिथेच पेन्सिल फिरवलीत. भारताच्या संचातून नाव काढून टाकलंत, कारण आपले नियमच सांगतात की अक्षरं डिझाइनचा गाभा नसतील तर ती रेखाटनात नकोत. अमेरिकेच्या संचात वायर आणि प्लग तुटक रेघेत गेले, म्हणजे तिथे दिसतात पण त्यांच्यावर हक्क सांगितलेला नाही. भरीव रेघेत काढलं की ते डिझाइनचा भाग होतं, आणि मग नक्कल करणाऱ्याने वायर दुसऱ्या बाजूने काढली तरी "आमचं वेगळं आहे" म्हणायला त्याला वाव मिळतो. पातं आणि कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) तर तुम्ही घेतलेच नाहीत. आपल्या कायद्यात डिझाइन डोळ्यांनी पारखायचं असतं. यंत्रणा कशी चालते याला त्यात जागा नाही.

चित्रातल्या बारकाव्यावर निकाल कसा फिरतो, याचं मोठं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. मुलांना वर बसवून ओढत नेता येते अशा 'ट्रंकी' सुटकेसच्या मालकांनी साध्या रेघांऐवजी संगणकावरची छटा दिलेली चित्रं नोंदवली होती. त्यांत चाकं आणि पट्टे बॉडीपेक्षा गडद होते. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रंगातला फरकही डिझाइनचा भाग धरला, आणि मालक नकलेचा दावा हरले. नुसती रेघांची चित्रं असती तर हक्क बराच रुंद राहिला असता. आमच्या फाइलमधले ते चमकणारे फोटो आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

डायसनचं प्रकरणही तुम्हीच सांगितलंत. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या डिझाइनवरून त्यांनी व्हॅक्स या कंपनीवर दावा लावला आणि २०११ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयातही हरले. दोन्ही यंत्रांची कल्पना जवळची होती, पण डायसनचं गुळगुळीत, वळणदार आणि व्हॅक्सचं खडबडीत, कोनाकोनांचं. एकूण ठसा वेगळा पडला. हे तुम्ही आम्हाला आधीच सांगितलंत, फी घेण्याआधी. नोंदणी झाली म्हणजे गोल बॉडीचा प्रत्येक मिक्सर आपला, असं होत नाही, हे अशिलाला तोंडावर सांगायला मन स्वच्छ लागतं.

दुसऱ्या बाजूचा दिलासाही तुम्हीच दिलात. नक्कल करणारा स्वतःचं प्रमाणपत्र दाखवेल तेव्हा घाबरायचं नाही. वॉशिंग मशीनच्या डिझाइनवरून व्हर्लपूल आणि व्हिडिओकॉन भांडले, तेव्हा व्हिडिओकॉनकडेही नोंदणी होती. तरी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तात्पुरती मनाई केली. नक्कल केल्याबद्दल कायद्यातली ठरावीक रक्कम एका डिझाइनसाठी जास्तीत जास्त ५०,००० रुपये आहे, तिला कोणी भीक घालत नाही. खरी ताकद मनाईहुकमात आहे. आणि समोरच्याने "हे डिझाइन नवीनच नाही" असा बचाव घेतला की दावा उच्च न्यायालयात जातो, म्हणून कागद पहिल्या दिवसापासून पक्के हवेत.

अर्जाआधी डिझाइन उघड झालं की ते नवीन धरलं जात नाही, आणि हा नवेपणा घालवणारा बहुधा बाहेरचा चोर नसतो. विक्रीचा माणूस डीलरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकतो, कोणी नमुना ऑनलाइन दुकानात "लवकरच येत आहे" म्हणून चढवतो, कोणी बर्लिनच्या आयफा या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात किंवा ग्वांगझूच्या कँटन फेअरमध्ये स्टॉलवर मांडतो. युरोप, अमेरिका, जपान आपलंच डिझाइन दाखवल्यावर अर्ज करायला एक वर्षाची सवलत देतात, म्हणून तिथले सल्लागार निर्धास्त असतात. भारतात ती सवलत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती सूट आहे, तीही आधी सूचना देऊन आणि सहा महिन्यांत अर्ज केला तर. चीनमध्येही सूट अगदी मोजक्या प्रसंगी मिळते. साचा बनवणाऱ्याला फाइल देण्याआधी गोपनीयतेचा करार हवा, हे तुम्ही आमच्या टूलरूमच्या माणसांना स्वतः समजावलंत. भारतातल्या अर्जाला लहान उद्योगाला सरकारी फी १,००० रुपये आहे. ते आधी भरा आणि मग हवा तिथे फोटो टाका, इतकं सोपं करून सांगणारं आम्हाला आधी कोणी भेटलं नव्हतं.

देशांची लांबलचक यादी तुम्ही निम्म्याहून कमी केलीत. अमेरिका ठेवलीत, कारण ओलं वाटण करणारा ११० व्होल्टचा मिक्सर तिथली आपली माणसं घेतात. युरोपीय संघ ठेवलात आणि ब्रिटन वेगळं लिहिलंत, कारण २०२१ पासून संघाची नोंदणी तिथे लागू होत नाही. चीन ठेवलात, तिथे आम्ही एकही नग विकत नसताना, कारण नकलेचे साचे तिथेच पडण्याची शक्यता जास्त आणि माल तिथूनच निघणार. बाकीच्या देशांवर रेघ मारून म्हणालात, "इथे विकणार नसाल तर पैसे घालू नका." तुमची स्वतःचीच फी त्या रेघेने कमी होत होती. अशी माणसं प्रत्येक धंद्यात थोडी असतात. माप पूर्ण देणारा दुकानदार, गरज नसलेला पार्ट न बदलणारा मिस्त्री, आणि तुम्ही. तुमच्यासारख्यांच्या भरवशावरच आमच्यासारख्यांचे कारखाने चालतात. तुमचा त्या दिवशीचा चेहरा आमच्या इथल्या प्रत्येकाच्या मनात आहे. त्या ड्राफ्ट्समनदादांनाही आमचा नमस्कार सांगा. जेवून या म्हटलं तरी उपाशीपोटी धावत आले होते.

भारतातली नोंदणी दहा वर्षांची, ती संपण्याआधी अर्ज केला की आणखी पाच. ती तारीख तुम्ही फाइलच्या कव्हरवर आधीच लिहून ठेवली आहे, हे आम्ही पाहिलं. नव्या इंडक्शन शेगडीचा साचा अजून टाकलेला नाही. रेखाटनं पुढच्या आठवड्यात आधी तुमच्याकडे येतील, साचेवाल्याकडे नंतर.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भोसरीच्या मिक्सर कारखान्यातले आम्ही सगळे