पट्टीने फरक पडत नसेल तर पडदा तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेझी आयवरचा, म्हणजे आळशी डोळ्यावरचा लेख वाचला, विषय घेतलात ते बरंच झालं, पण त्यात एक वाक्य आहे की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या इलेक्ट्रिक टेस्टने आळशी डोळा लगेच पकडता येतो, आणि सोमवारपासून आमच्याकडे आईबाबा थेट "ती इआरजी लिहून द्या" म्हणत यायला लागलेत (इआरजी म्हणजे हीच टेस्ट, डोळ्यावर फ्लॅश मारून पडद्यातून उठणारी विजेची लाट मोजतात). मी तालुक्याच्या गावात ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा) आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गंमत अशी की नुसता लेझी आय असेल तर साधी इआरजी बहुतेक नॉर्मलच येते! कारण त्यात पडदा ठणठणीत असतो, लहानपणी तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असल्यामुळे मेंदूच त्या डोळ्याचं ऐकायचं सोडून देतो. पॅटर्न इआरजी म्हणून एक प्रकार आहे, त्यात फरक दिसतो असं काही अभ्यास म्हणतात, काही नाही म्हणतात. मेंदूपर्यंत सिग्नल कसा पोचतो ते बघायची टेस्ट वेगळी, तिला व्हीईपी म्हणतात. आळशी डोळा ओळखायला आधी लागतं ते नीट व्हिजन तपासणं, ड्रॉप टाकून नंबर काढणं, तिरळेपणा बघणं आणि पडदा बघणं, एवढंच.

मग इआरजी कशाला? तर लेझी आय समजून जे चाललंय ते भलतंच काही नाही ना, हे बघायला. आमच्याकडे दुसरीतला एक मुलगा आला होता, मायनस नंबर मोठा, एक डोळा थोडा तिरळा, आळशी डोळ्याला कामाला लावायला चांगल्या डोळ्यावर कितीतरी महिने पट्टी चाललेली, आणि फरक नाही म्हणून घरी रोज ओरडा, की तू पट्टीच्या वरून बघतोस. बोलता बोलता आई म्हणाली, लाईट गेली की हा जागचा हलत नाही, याच्या मामाचंही तसंच आहे. तिथेच शंका आली, पुण्याला पाठवलं. पडदा दिसायला जवळपास नॉर्मल, पण इआरजीत फ्लॅशनंतर आधी खाली जाणारी लाट बरोबर आली आणि नंतर जी मोठी वर यायला हवी ती आलीच नाही. जन्मजात रातआंधळेपणाचा एक प्रकार निघाला, तो सहसा वाढत जात नाही, पण पट्टी कितीही लावा, त्याने जाणारही नाही. शाळेत पहिला बाक आणि अंधारात टॉर्च, ओरडा बंद!

चष्मा आणि पट्टी दोन्ही नीट चालू असून नजर सुधारत नसेल, दोन्ही डोळे अधू असतील, बुबुळं थरथरत असतील, मूल उन्हात डोळेच उघडत नसेल, रंग ओळखत नसेल किंवा अंधारात चाचपडत असेल, तर डॉक्टरांना इआरजीबद्दल जरूर विचारा. आईबाप नात्यातले असतील तर तेही न लाजता सांगा, पडद्याचे काही आजार त्यातून येतात. टेस्टला दुखत नाही, बाहुली मोठी करायचे ड्रॉप, मग अंधारात साधारण २० मिनिटं बसणं (लहान पोराला तिथे बसवून ठेवणं हेच खरं काम, आईच्या मांडीवर गोष्ट सांगत बसवतात), आणि लहानांना खालच्या पापणीवर चिकटवायचे इलेक्ट्रोड चालतात.

आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पट्टी आपल्या मनाने बंद करू नका, पडद्याचा आजार आणि आळशी डोळा दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि सात-आठ वर्षांच्या आत उपचाराचा गुण जास्त येतो. आमच्या भागातून या टेस्टसाठी पुणे-मुंबई गाठावं लागतं, त्यात एक दिवसाची मजुरी जाते, तेव्हा निदान मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत तरी हे मशीन आणि ते वाचता येणारा माणूस असावा, यावर आपल्या पेपरने लिहावं. आणि पुढच्या पुरवणीत त्या वाक्याची दुरुस्ती छापलीत तर फार बरं होईल.

आपला,
एक वाचक, जि. सातारा