सादर करणारा आणि मंजूर करणारा एकच

संपादक महोदय,

जिल्हा परिषदांवर प्रशासक होते तेव्हा कामे भराभर झाली, सदस्यांच्या गोंधळापेक्षा तेच बरे होते, असे एका वाचकाने गेल्या आठवड्यात आपल्या सदरात लिहिले आहे. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या एका झेडपीत गेली आणि शेवटची बरीच वर्षे मी सभेच्या टेबलावर होतो. विषयपत्रिका काढायची, सदस्यांना नोटिसा पाठवायच्या, इतिवृत्त लिहायचे आणि मागच्या सभेत ठरले त्याचे पुढे काय झाले, याचा अनुपालन अहवाल खातेप्रमुखांच्या हातापाया पडून गोळा करायचा, हे माझे काम. प्रशासकाच्या काळातही काही महिने मी त्याच खुर्चीत होतो.

फायली हलल्या, हे खरेच आहे. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या 34 पैकी 25 जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाच, म्हणजे सीईओंनाच, प्रशासक नेमले गेले. पंचायत समित्यांवर गटविकास अधिकारी. झाले असे की खात्याची टिपणी यायची, सीईओ साहेब शिफारशीची सही करायचे आणि मग तीच फाईल मंजुरीसाठी प्रशासकांकडे जायची, म्हणजे त्याच टेबलावर त्याच साहेबांपुढे. सही तीच, खालचा शिक्का तेवढा वेगळा. पूर्वी स्थायी समितीचा ठराव हातात पडायला महिना लागायचा, ते काम आता दुपारच्या चहाआधी उरकू लागले. ठरावाला रीतसर क्रमांक पडायचा. सूचक आणि अनुमोदक हे रकाने मात्र कोरे. सुरुवातीला मला ते चमत्कारिक वाटे, नंतर सवय झाली.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या समितीने जिल्हाधिकाऱ्यांना या कारभारापासून मुद्दाम बाहेर ठेवले. निर्णय निवडून आलेल्यांनी घ्यायचा आणि अंमलबजावणी सीईओने करायची, अशी ही मांडणी आहे. सीईओवर अविश्वास ठराव आणण्याची सोयही सदस्यांना आहे. सादर करणारा हात आणि मंजूर करणारा हात वेगळा ठेवायचा, यासाठी एवढा सगळा खटाटोप. भराभर कामाचे कौतुक करणारे नेमके हेच विसरतात.

एका उन्हाळ्यातली सर्वसाधारण सभा सांगतो. विषय पाणीटंचाईचा. संबंधित अधिकाऱ्यांनी हातपंप दुरुस्तीचा अहवाल वाचला, गावांची नावे घेतली, सगळे पंप चालू. महिला राखीव गटातून आलेल्या एक सदस्या उठल्या. "साहेब, दुरुस्ती पथक आलं होतं, का नुसतं लॉगबुक आलं होतं? त्या तारखेला आमच्या गावची जत्रा होती. सगळं गाव रस्त्यावर. गाडी आली असती तर कुणाला तरी दिसली असती ना?" सभागृह हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी लॉगबुक मागवले आणि ते येईपर्यंत विषय थांबवला. लॉगबुकात तारीख होती, किलोमीटर होते, सरपंचांची सहीसुद्धा होती. फक्त सही ज्यांची होती त्यांची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली होती. इतिवृत्तात मी एकच ओळ लिहिली: "फेरतपासणी करून पुढील सभेत अहवाल सादर करावा." पुढच्या सभेपर्यंत त्या गावचाच काय, शेजारच्या गावांचेही पंप दुरुस्त झाले. लॉगबुकाची बाकीची पाने कुणी उघडू नयेत, ही काळजी असावी.

जत्रेची तारीख कुठल्या टिपणीत येते? ती गावात राहणाऱ्या माणसालाच ठाऊक असते आणि ती सभागृहात बोलून दाखवायला त्या माणसाला निवडूनच यावे लागते.

सदस्य म्हणजे संत, असा माझा दावा नाही. सेस फंडाचे, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे, समान वाटे पाडण्यासाठी झालेल्या मारामाऱ्या मी पाहिल्या आहेत. ऐनवेळच्या विषयांत काय काय घुसवले जाते, हेही मीच लिहून घेतले आहे. टक्केवारी हा शब्द झेडपीच्या कँटीनमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2011 पासून निम्म्या जागा महिलांना मिळाल्या, तरी कित्येक ठिकाणी फोन नवराच उचलतो. पण दर तीन महिन्यांनी खातेप्रमुखांना सर्वांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागायचे आणि सभेच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीत जी धावपळ असायची, तिची भरपाई कुठल्याही ऑनलाइन आढावा बैठकीने झाली नाही. प्रशासक काळात माझ्याकडे अनुपालन अहवाल मागायला कुणी आले नाही. विचारणाराच नव्हता.

घटनेचे कलम 243-ई सांगते की मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या, म्हणजे झेडपी व पंचायत समितीच्या मतदारसंघांच्या, रचनेच्या वादात इथे तीन वर्षांहून अधिक काळ गेला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या, म्हणून आदेश द्यावा लागला. पुन्हा असे होणारच नाही, असे समजण्यात अर्थ नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की पुढे कधी प्रशासक नेमावा लागला, तर तो त्याच जिल्हा परिषदेचा सीईओ नसावा. विभागीय आयुक्तालयातला अधिकारी चालेल, दुसऱ्या जिल्ह्यातला चालेल. प्रशासकाचा प्रत्येक ठराव रकमेसह आठ दिवसांत पंचायत समितीच्या फलकावर लागावा. आणि दर तीन महिन्यांची सभा चालूच ठेवावी, तालुक्यातल्या सरपंचांना समोर बसवून. मतदानाचा अधिकार नसला तरी चालेल, प्रश्न विचारता आले पाहिजेत. त्यांच्या प्रश्नांचे इतिवृत्त लिहायला कर्मचारी आजही पगारावर आहेत.

– एक निवृत्त झेडपी कर्मचारी
(कृपया नाव छापू नये)