थर्माकोलची नदी आणि अर्धा लिटर पाऊस

मा. संपादक,

जून उजाडला की प्राथमिक शाळांत ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ प्रकल्पांची लगबग सुरू होते. थर्माकोलचे घर, निळ्या कागदाची नदी, स्ट्रॉची पन्हळ. दिसायला देखणे, पण कोणता उपाय किती पाणी जिरवतो, हे त्यातून कधीच कळत नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना ते मोजता येते आणि खर्च जवळपास शून्य.

तेलाचे पाच लिटरचे तीन रिकामे कॅन आडवे ठेवून वरची बाजू कापावी, तळाला खिळ्याने दहा-दहा भोके पाडावीत. एकात ठोकून बसवलेला मुरूम, दुसऱ्यात सिमेंटवर बसवलेले फरशीचे तुकडे, तिसऱ्यात मातीसकट उचललेली हरळी. पुढच्या भिंतीला पृष्ठभागाच्या पातळीवर खाच आणि खाली वाटी. मागे दोन विटा, पुढे एक, म्हणजे उतार तिन्हींना सारखा. झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीने प्रत्येकावर अर्धा लिटर पाणी एका मिनिटात शिंपडायचे. कॅनचे कापलेले तोंड २५ बाय २० सेंमी असेल, तर हा बरोबर १० मिमी पाऊस होतो. वाटीत आले ते वाहून गेलेले पाणी.

फसगत होते ती हरळीपाशी. ताज्या ढेकळाच्या कडेने फट राहते, पाणी तिथून सुळकन खाली जाते आणि हरळी ‘पहिली’ येते. कडा ओल्या मातीने दाबून आठवडाभर रोज पाणी घालावे, मगच प्रयोग करावा. काळी माती असेल तर तीही पहिल्या दिवशी भेगांतून घटाघटा पिते. फुगून बसली की तोंड मिटते. म्हणून दुसऱ्या दिवशी, ओल्या कॅनवरचा आकडा खरा मानावा. ऑगस्टमध्ये जमीन तशीच असते.

गुण कशाला द्यायचे हे प्रयोगाआधी फळ्यावर लिहावे: किती पाणी थांबले, खर्च किती, गाळ कोण काढणार, पाणी साचून डास होतील का. नंतर ठरवले तर प्रत्येक गट आपल्याच कॅनला झुकते माप देतो. (मोठ्यांच्या निविदांतही हे घडते म्हणतात.)

मग शोषखड्डा. दहा लिटरची बादली खडीने काठोकाठ भरून त्यात पाणी ओतावे. जेमतेम चार लिटर मावते. म्हणजे एक मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा खडीने भरला की एका वेळी सुमारे ८०० लिटर. २० बाय १५ मीटरच्या फरसबंद पटांगणावर ४० मिमी पाऊस पडला तर पाणी १२,००० लिटर. हा भागाकार मुलांनीच करावा. ‘सर, पंधरा खड्डे खणायचे?’ असा प्रश्न आला, की अर्धे पेव्हर ब्लॉक उखडून हरळी लावण्याचा पर्याय त्यांनाच सुचतो.

आपल्याकडे एक मागणी. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड (मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याविषयीच्या) अहवालाने ती क्षमता ५० मिमी करायला सांगितले. तुंबलेल्या रस्त्याच्या छायाचित्राखाली मात्र चोवीस तासांचा पाऊस छापला जातो, तो या हिशेबाला उपयोगी नाही. सर्वाधिक पावसाच्या एका तासाचा आकडा मिळेल तेव्हा छापावा. वर्गात दुसऱ्या दिवशी लगेच कामाला येईल.

— एक प्राथमिक शिक्षक, पुणे