गरोदरपणातली खाज आणि आमसुलाचं पाणी

संपादक,
स. न. वि. वि.

माझी मोठी मुलगी गेल्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आठवा संपत आला होता, आणि आल्यापासून तिला रात्रीची झोपच नाही. तळहात आणि तळपाय खाजायचे, तेही असे की पोरगी रात्री दोन वाजता उठून बाथरूममध्ये नळाखाली पाय धरून बसायची, एकदा तर मी बघितलं, दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर तळपाय घासत उभी होती. अंगावर गांधी नाहीत, पुरळ नाही, काही नाही. मला वाटलं पित्त उठलंय, आमसुलं भिजत घातली आणि चार दिवस ते पाणी चोळत बसले तिच्या पायांना. पित्त होतंच हो, पण कातडीत नव्हतं, रक्तात होतं, गरोदरपणातला कोलेस्टॅसिस म्हणतात त्याला.

डॉक्टरांकडे नेलं तर एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी केली, त्यातलं एसजीपीटी जरा वाढलेलं निघालं, म्हणाले होतं कधीकधी प्रेग्नन्सीत, आणि उर्सोची 300 ची गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली. गोळी चालू आहे ना मग बाळ एकदम सेफ, दोन आठवड्यांनी दाखवायला या. आम्ही पण निर्धास्त. मग भाच्याच्या बायकोचा लेस्टरहून फोन आला, तिला स्वतःला तिकडे पहिल्या खेपेला हेच झालं होतं, तिने पहिला प्रश्न विचारला, मामी, बाईल अ‍ॅसिडचा आकडा काय आला? आता आम्ही कसला आकडा सांगणार, रक्तातली पित्ताची आम्लं मोजायची ती टेस्टच कोणी केली नव्हती. तिच्याकडून कळलं की इंग्लंडमध्ये शंभरात एकापेक्षा कमी गरोदर बायकांना हे होतं पण आपल्या भारतीय, पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये प्रमाण जास्त, 1.2 ते 1.5 टक्के.

नंतर मी दुसऱ्या डॉक्टर बाईंना खोदून खोदून विचारलं आणि त्यांनी न कंटाळता सांगितलं म्हणून हे लिहू शकतेय. पोटातल्या बाळाचं लिव्हर पण पित्ताची आम्लं तयार करतं, ती वारेतून आईकडे जातात आणि आईचं लिव्हर त्यांचा निकाल लावतं. या आजारात आईच्याच रक्तात ती इतकी साठतात की उलटी वाट सुरू होते, आईकडून बाळाकडे. त्यातून वारेच्या रक्तवाहिन्या आकसत असाव्यात किंवा बाळाच्या हृदयाचे ठोके एकदम बिघडत असावेत असं प्रयोगशाळेतल्या कामावरून वाटतं. म्हणजे वार हळूहळू कमी पडली, बाळ सुकत गेलं, असा हा प्रकार नाही, बाळ पोटात दगावतं ते अचानक, म्हणून सोनोग्राफीत वजन छान, पाणी छान, रक्तप्रवाहाचं डॉपलर छान, बाळाच्या ठोक्यांचा कालचा एनएसटी पण छान, आणि त्यावरून उद्याचं काही सांगता येत नाही. मला हे ऐकून घाम फुटला होता कारण आम्ही तो सोनोग्राफीचा रिपोर्ट फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला होता!

आता गोळीचं. उर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड हे पण एक पित्ताम्लच, अस्वलाच्या पित्तात असतं म्हणून ते उर्सो नाव. प्रयोगशाळेत वारेच्या पेशींना आणि हृदयाच्या पेशींना त्याने संरक्षण मिळताना दिसलं होतं, त्यामुळे बाळ पण वाचेल ही आशा बरोबरच होती. पण इंग्लंड आणि वेल्समधल्या 33 हॉस्पिटलांत 605 बायकांवर नीट ट्रायल झाली, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच, निकाल 2019 साली लॅन्सेटमध्ये आला. बाळ दगावणं, 37 आठवड्यांआधी जन्मणं किंवा बाळाला नवजात बाळांच्या खास विभागात न्यावं लागणं, हे सगळं मिळून गोळीवाल्यांमध्ये 23 टक्के आणि बिनगोळीवाल्यांमध्ये 27, म्हणजे ठाम फरक म्हणावा असं काही नाही. खाज पण अगदी थोडी कमी. पुढे 2021 ला आधीच्या बऱ्याच अभ्यासांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा आपोआप लवकर कळा येणं कमी होतं असं दिसलं, पण पोटात बाळ जाणं कमी होतं असं नाही. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, कोणी माझं पत्र वाचून बंद करू नका, माझ्या मुलीला पण शेवटपर्यंत चालू होती. पण गोळी दिली की काम संपलं, हे चूक आहे.

काम त्या पित्ताम्लांच्या आकड्यावर चालतं. 2019 लाच पाच हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून बघितली होती, त्यात आकडा 40 च्या खाली असेल तर पोटात बाळ जाण्याचं प्रमाण 0.13 टक्के, 40 ते 99 मध्ये 0.28, आणि 100 च्या वर गेला की 3.44. त्यावरूनच डिलिव्हरी कधी करायची ते ठरतं, तिकडच्या 2022 च्या नियमांत 100 च्या वर असेल तर 35-36 आठवड्यांनाच, 40 ते 99 ला 38-39, त्याच्या खाली असेल तर 40 आठवड्यांपर्यंत थांबता येतं. आणि आकडा वाढत जातो म्हणून टेस्ट परत परत करायची. आमचा पहिला आला 28, बरं वाटलं, दोन आठवड्यांनी 62. लॅबवाला उपाशीपोटी या म्हणत होता, डॉक्टर बाई म्हणाल्या जेवून जा, जेवल्यावर किती चढतो तेच मला बघायचंय. 38 आठवडे झाल्यावर कळा आणून डिलिव्हरी केली, नात झाली, आणि तिसऱ्या रात्री माझी मुलगी सलग चार तास झोपली, खाज गायब.

माझी मागणी एवढीच की दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते तिथे बीपी, हिमोग्लोबिन बघतात तसं, तळहात तळपाय खाजतात का, रात्री जास्त का, हे पण विचारावं, त्याला तर काही खर्च नाही. बायका आपणहून सांगत नाहीत, खाजेचं काय सांगायचं म्हणून. आणि घरात आमच्यासारख्या आमसुलवाल्या आया, सासवा असतातच.

हे एकदा झालं की पुढच्या खेपेला परत व्हायची शक्यता बरीच असते आणि घराण्यात पण चालतं. माझ्या धाकटीला आता चौथा लागलाय. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय, बहिणीला झालं होतं.

– एक आजी, सातारा