आधी नियम लागू आणि मग हरकती?

संपादक महोदय,

बांधकामाच्या नियमांमध्ये फेरबदल होणार म्हटलं की पुण्यात बिल्डर आणि आर्किटेक्ट लोकांना ते आधीच माहीत असतं, आणि सोसायटीत राहणाऱ्या माणसाला कळतं पेपरातल्या बारीक अक्षरातल्या नोटिशीवरून, ती पण कुणी वाचलीच तर.

डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली लागू झाली, मुंबई आणि काही अपवाद सोडले तर सगळ्या राज्याला एकच नियमावली. दर शहराचं वेगळं पुस्तक होतं त्यापेक्षा हे बरं झालं, ते मी मान्यच करतो. पण तेव्हापासून त्यात दुरुस्त्या चालूच आहेत आणि माझा आक्षेप त्या करण्याच्या पद्धतीवर आहे. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायदा १९६६ मधल्या कलम ३७ (१ एए) प्रमाणे सरकारने नोटीस काढायची, लोकांना हरकती-सूचना द्यायला एक महिना द्यायचा, सुनावणी घ्यायची आणि मग अंतिम निर्णय. इथपर्यंत ठीक. पण बऱ्याच वेळा त्याच नोटिशीसोबत कलम १५४ खाली (सरकारने महापालिकांना थेट आदेश द्यायचं कलम) निर्देश देऊन बदल लगेच लागू करून टाकतात, म्हणजे आपण हरकत लिहीत बसलोय आणि तिकडे नवीन नियमाने प्लॅन पास व्हायला लागलेत! उद्या सुनावणीनंतर तो बदल मागे घेतला तरी मधल्या काळात उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचं कोण काय करणार? मग महिनाभराची मुदत कशासाठी देतात?

याचा परिणाम किती मोठा असतो ते साध्या हिशोबाने बघा. गावठाणाबाहेर ९ मीटर रस्त्यावर बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१०, प्रीमियम म्हणजे जादा पैसे भरून ०.५०, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) ०.४०, असे झाले २. त्यावर घरांसाठी ६० टक्के अ‍ॅन्सिलरी (जिने, बाल्कनी वगैरेसाठीचा जादा एफएसआय), तीही पैसे भरून. म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर ३२०० चौरस मीटरपर्यंत बांधकाम. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियम नाही, टीडीआर नाही. म्हणूनच २०२० मध्ये पुण्यात तीनशेहून जास्त ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला होता आणि त्यावर एवढा गदारोळ झाला. रस्त्याची रुंदी कागदावर बदलली की किती मजले चढतात ते ज्यांना कळतं त्यांना बरोबर कळतं.

आमच्या कोथरूडमध्ये गल्लीगल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे. मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात अजिबात नाही, लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल मी रोज बघतो, त्यांना नवीन घर मिळायलाच पाहिजे. पण एकेका प्लॉटचा विचार होतो आणि अख्ख्या गल्लीचा कुणीच करत नाही, ड्रेनेजची लाइन तीच जुनी, पाणी तेवढंच, मार्चपासून टँकर, आणि रस्ता ९ मीटरचा असला तरी दोन्ही बाजूला गाड्या लागल्यावर फायर ब्रिगेडची गाडी वळणार कुठून? तळमजला आणि वरचे दोन-तीन मजले सगळे पार्किंगचे, त्यामुळे रस्त्याने चालताना एका बाजूला नुसती भिंत आणि गेट, ना खिडकी ना गॅलरी, संध्याकाळी बायकांना एकटीने जायला नको वाटतं. डिझाइनच्या नियमांत या गोष्टींची चर्चा झालीच पाहिजे, नुसत्या एफएसआयच्या टेबलाची नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. कलम १५४ खरोखरच्या तातडीसाठी ठेवा, हरकतींवर निर्णय झाल्याशिवाय एकही बदल लागू करू नका. नोटिशीत जुना नियम आणि नवा नियम शेजारी शेजारी छापा, सोप्या मराठीत, आणि हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर आधी किती बांधता येत होतं आणि आता किती येईल ते लिहा. सुनावणी वॉर्ड ऑफिसमध्ये सुट्टीच्या दिवशी ठेवा, नोकरी करणाऱ्याला भर दुपारी येता येत नाही. आणि प्रत्येक हरकत का मानली किंवा का फेटाळली त्याचं कारण लेखी द्या.

आपल्या पेपरलाही एक विनंती, अशी नोटीस निघाली की तिचा अर्थ पहिल्याच आठवड्यात बातमी म्हणून छापा, म्हणजे हरकत लिहायला आम्हाला तीन आठवडे तरी मिळतील.

- एक वाचक, कोथरूड, पुणे