वाडीलाही तिची ग्रामसभा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रायगड जिल्ह्यातल्या एका गट ग्रामपंचायतीत मी बरीच वर्षे ग्रामसेवक होतो. एक मोठे गाव आणि चार वाड्या, सगळ्यांची ग्रामपंचायत एक. ग्रामसभा दर वेळी मोठ्या गावातल्या देवळासमोर. सगळ्यात लांबच्या वाडीतून यायचे तर बाईमाणसाची दिवसाची मजुरी बुडायची.

ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग देवळाजवळ राहणारी पंचवीस-तीस माणसे जे बोलतील ते ‘गावाने ठरवले’ म्हणून इतिवृत्तात जाई. ते इतिवृत्त मीच लिहीत होतो. एका वर्षी वाडीची विहीर मार्चमध्येच तळाला गेली होती आणि आराखड्यात पहिले काम आले मोठ्या गावातल्या गल्लीच्या काँक्रीटचे. कायद्याने सगळे बरोबर होते. पण वाडीतल्या एका म्हातारीने मला विचारले, ‘आमच्या पाण्याचा ठराव आमच्या वाडीत का होत नाही?’ उत्तर माझ्याकडे नव्हते.

उत्तर दुसऱ्या राज्यांत आहे. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. तिच्यातही ‘गाव’ म्हणजे राज्यपाल अधिसूचनेने ठरवतील ते, आणि त्यात गावांचा गटही येतो. म्हणून गावाचा अर्थ राज्यागणिक वेगळा आहे. केरळात घरे सलग पसरलेली, पंचायती मोठ्या. तिथे प्रत्येक वॉर्डाची स्वतंत्र ग्रामसभा भरते. पश्चिम बंगालमध्ये ग्रामपंचायतीच्या प्रत्येक मतदारसंघातल्या मतदारांची सभा, म्हणजे ग्राम संसद, बसते. नागालँड, मेघालय, मिझोराम या राज्यांना तर घटनेतला पंचायतींचा हा भागच लागू नाही.

आणि लांब कशाला जायचे? आपल्याच राज्यात अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागांत, तिथल्या पंचायतींसाठी केलेल्या 1996च्या पेसा कायद्याने वस्ती किंवा पाडाही गाव ठरू शकतो. पाड्यातले लोक ठराव करून तशी मागणी करू शकतात. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने तर त्याच्याही आधीपासून आपले निर्णय आपल्या ग्रामसभेत घेतले. माझी वाडी मात्र अनुसूचित क्षेत्राच्या हद्दीबाहेर, म्हणून तिला ही सोय नाही. पाड्याला जे देता येते ते वाडीला का देता येऊ नये?

नव्या ग्रामपंचायती मागत नाही. त्यांचा कर्मचारी, इमारत, वसुली हा खर्च मला ठाऊक आहे. ग्रामपंचायत गटाचीच राहू द्या. पण राज्याच्या 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती करून गटातल्या प्रत्येक वाडीला स्वतःची ग्रामसभा द्यावी. तिथले पाणी, घरकुलाची यादी आणि वाडीचा आराखडा तिच्याच सभेत, तिच्याच अंगणात मंजूर व्हावा. आणि वाडीने नाकारलेला विषय मोठ्या गावातल्या तहकूब सभेत पुन्हा आणता येऊ नये.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, जि. रायगड