आक्का, फ्लेक्सवर तुमचा फोटो नव्हता

कोल्हापूर,
फेब्रुवारी 2026

ती. आक्का,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला तुमची नात वाचून दाखवणार. तिला आधीच सांगून ठेवतो, मधलं काही गाळायचं नाही, आणि तुम्ही "बास कर आता" म्हणालात तरी थांबायचं नाही. घरी येऊन बोललो असतो, पण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही लेकीकडं गडहिंग्लजला. शिवाय चूक झाली ती अख्ख्या गल्लीसमोर झाली, म्हणून पत्रही सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय.

पहिल्यांदा त्या फ्लेक्सचं. गेल्या वर्षी 30 मार्चला, पाडव्याला, मंडळाच्या मागच्या भाजीच्या बागेचं आपण रीतसर उद्घाटन केलं. दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागला. त्यावर माजी नगरसेवक होते, होऊ घातलेले दोघे होते, अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार होते, आणि गॉगल घातलेला मी होतो. एकूण अकरा चेहरे. त्यातल्या सात जणांच्या नखात त्या दिवसापर्यंत माती गेली नव्हती. तुमचा फोटो नव्हताच, नावही नव्हतं. डिझाइन मीच पास केलं होतं, त्यामुळं दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि तुम्ही मागं पाइपला फडकं बांधत बसला होतात. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं तेव्हा ओशाळून तुमच्याकडं आलो, तर तुम्ही म्हणालात, "बरं झालं की. उगंच पावसात भिजत बसलो असतो मी तिथं."

वर आठवड्याभरात तोच फ्लेक्स उतरवून घेऊन उलटा अंथरलात आणि त्यावर कंपोस्टचा ढीग रचलात. आजही खालची कड उचलली की माझा गॉगल दिसतो.

सुरुवात आठवते का? 19 फेब्रुवारीची शिवजयंती झाली, मांडव उतरला. मागच्या पटांगणात पिंपळाची आणि बदामाची पानं गुडघाभर साचलेली. दरवर्षीसारखी ती कोपऱ्यात ओढून आम्ही काडी लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात समोरच्या अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावरनं आवाज आला, "काय जाळालायसा रं?" आम्हाला वाटलं, धुराचं भांडण. तुम्ही उतरलात, ढिगात कोपरापर्यंत हात घातलात, तळाची काळी पडलेली, ओलसर पानं मुठीत धरून थेट माझ्या नाकाला लावलीत. मृगाच्या पहिल्या पावसात येतो तसला वास. "हे जाळायचं आणि मग दुकानातनं खताची पिशवी आणायची. शाणी हाईसा."

मग तडजोड ठरली. अर्धी पानं होळीला, अर्धी तुम्हाला. खरं तर तुम्ही पाऊण नेलीत. होळीला आम्ही गोवऱ्या वाढवल्या, आणि दुसऱ्या दिवशी होळी विझल्यावर तुम्ही पोरांना पाटी देऊन राखही उचलायला लावलीत. जुन्या धोतराच्या कापडातनं ती चाळलीत आणि डब्यात भरलीत. त्या राखेचं करणार काय, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. पुढं चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा, रस शोषणारी बारीक कीड, चढला, तेव्हा सकाळी दव असतानाच ती पानांवर भुरभुरलीत. आमच्यातला एक जण तोवर मोबाइलवर औषधाची किंमत बघत होता.

जागा म्हणाल तर जेमतेम दीड गुंठा. 2019 च्या महापुरानंतर पडझड झालेल्या घरांचं डबर तिथं टाकलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. तुम्ही मूठभर माती ओली करून गोळा वळलात, दोन बोटांत दाबलात, फुटला. "चुना लई हाय ह्यात." दोन ट्रॉल्या राडारोडा निघाला. तालमीत जोर-बैठका मारणारी आमची पोरं दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसली होती, आणि सत्तरीच्या तुम्ही पाटी कमरेवर घेऊन तिसरी फेरी घालत होतात. मग करवीर तालुक्यातल्या तुमच्या भावाच्या शेतातनं उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, आलं. एरवी ऊस तुटला की पाचट पेटवून देतात, हे आम्ही लहानपणापासनं बघत आलोय. तुम्ही ते वाफ्यांवर वीतभर अंथरलंत, आणि एप्रिलच्या उन्हातही खाली बोट घातलं की गार लागायचं.

पाण्याची तुमची युक्ती तर मी आता कुणी भेटेल त्याला सांगतो. उन्हाळा लागला की कुंभारगल्लीत नव्या माठांचे ढीग लागतात, आणि प्रत्येक ढिगात काठ फुटलेली चार-दोन मडकी असतातच. ती तुम्ही घासाघीस करून आणलीत. (घासाघीस हा शब्द कमी पडतो. शेवटी तो माणूस "न्या आक्का, पर जावा" म्हणाला.) गळ्यापर्यंत जमिनीत पुरलीत, पाणी भरलंत, वर फुटकी ताटली. भाजलेल्या मातीतनं पाणी झिरपत राहतं, मुळं आपणहून मडक्याकडं वळतात, आणि दोन दिवसांआड भरलं तरी चालतं. दुधीचा वेल उपटला तेव्हा मडक्याभोवती मुळांची अक्षरशः जाळी विणलेली होती. तो प्रकार अकरावीतल्या पोरांनी फोटो काढून शाळेतल्या सरांना दाखवला.

आता माझी स्वतःची चूक. काकडीची रोपं चार पानांवर होती आणि मला घाई झाली होती. तुम्ही चार दिवस गावाला गेलेल्या, मी युरियाची पिशवी आणली आणि पंक्तीत भात वाढावा तसा मूठ मूठ बुडाशी टाकला. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, चौथ्या दिवशी रोपं माना टाकून मोकळी. तुम्ही आलात, बघितलंत, काही बोलला नाहीत. हे जास्त लागलं. दोन-तीन दिवस नुसतं पाणी सोडून माती धुतलीत, मेलेली रोपं उपटलीत आणि नवं बी माझ्याच हातात दिलंत. "तू लाव. तुला आता कळलंय." त्या दुसऱ्या खेपेच्या काकड्या जूनपर्यंत आल्या.

उलट चेष्टा करायची संधी तुम्ही कधी सोडली नाहीत. कॉलेजच्या पोरांनी नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, करायचं काढलं. मोबाइलवरनं वाचून दाखवलं, 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. पाळेकरांना 2016 ला पद्मश्री मिळालीय हेही सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "गूळ घाला, कोल्हापुरात गुळाला काय तोटा न्हाई. खरं बेसन निम्मं ठेवा, पिठलं करू." शेवटी आपण पाव मापात केलं, अर्धा किलो बेसन घालून. ढवळायची पाळी रोज सकाळ-संध्याकाळ तुमचीच असायची, कारण पोरांना वास सोसत नव्हता. आणि नातीनं अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंचा व्हिडिओ लावला, ज्यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल 2020 ची पद्मश्री मिळाली, तेव्हा तुम्ही फोन हातात घेऊन डोळ्याला लावलात. "ही बाईबी राखंतच बी ठेवती की!" मोतीबिंदू वाढलाय हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

फुटबॉलचं तर वेगळंच. आमच्या गल्लीत जन्मलेलं पोर चालायच्या आधी लाथ मारतं, आणि हंगामात शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस लागल्या की गल्लीत दिवसभर बॉल. दर दहा मिनिटाला एक बॉल वाफ्यात. एकदा गवारीची अख्खी ओळ झोपली. आम्ही मोठी माणसं जाळी लावायची चर्चा करत होतो, वर्गणी किती, परवानगी कुणाची. तुम्ही बॉल उचलून पदराखाली घेतलात आणि खुर्ची टाकून बसलात. "एक बॉल, दोन कळशा." दोन कळशा पाणी ओतल्याशिवाय बॉल परत नाही. पहिल्या आठवड्यात पोरांनी शिव्या घातल्या, दुसऱ्या आठवड्यात कळशा कुणी भरायच्या याच्या पाळ्या लावल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात बॉल आला नाही तरी दोघं-तिघं कळशी घेऊन उभे. त्यातल्या एकाला तुम्ही धने पेरायला शिकवलंत. फरशीवर धने पसरून चपलेनं हलकं रगडायचे, दोन फाकी झाल्या पाहिजेत, पीठ नाही व्हायला पाहिजे. तो सातवीतला पोरगा एक तास चप्पल फिरवत बसला होता. घरी त्याला चहाचा कप उचलायला सांगितला तर उठत नाही, असं त्याची आई म्हणते.

रंगपंचमीलाही तुम्ही पिंपाजवळ पहारा दिलात. रंग खेळा, खरं बागेच्या पाण्याला हात लावायचा नाही. आणि तुम्हाला रंग लावायला आलेल्यांना तुम्ही पाचटाचा भारा उचलून दिलात, हात अडकले म्हणजे झालं.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो 11 एप्रिल. दुसऱ्या दिवशी जोतिबाची चैत्र यात्रा. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, चालत जाणाऱ्यांना आपलं मंडळ दरवर्षी झुणका-भाकरी आणि ताक देतं. भेंडीचा पहिला तोडा नेमका त्या दिवशी निघाला. बी टाकल्यापासनं एकोणपन्नास दिवस, पोरांनी भिंतीवर खडूनं रेघा मारल्या होत्या. तीन किलो भेंडी, थोडी गवार, तांबड्या माठाच्या चाळीस जुड्या. यात्रेच्या हिशेबानं हे म्हणजे चिमूटभर मीठ. पण माठाची भाजी परतली, झुणक्याशेजारी एकेक पळी वाढली, आणि "ही आमच्या मंडळाची" असं सांगताना पोरांचे आवाज चढत होते. सासनकाठी खांद्यावर घेतलेला एक म्हातारा गुलालानं माखलेल्या तोंडानं तुम्हाला म्हणाला, "बाई, माठ गावठी हाय." तुम्ही नुसतं "चांगभलं" म्हणालात आणि पदरानं तोंड पुसलंत. उन्हाचा घाम होता असं तुम्ही म्हणता. असेल.

एक गोष्ट मला अजून उलगडत नाही. तुम्ही तीस वर्षं कपिलतीर्थ मंडईत भाजी विकलीत. जुडी हातात घेतली की भाव तोंडावर येतो तुमच्या. तरी या बागेतल्या पानाचाही पैसा घ्यायचा नाही, यावर तुम्ही अडून बसलात. खजिनदारानं पाच रुपये जुडी म्हटलं तर तुम्ही त्याला वाफ्यातनं बाहेर काढलंत. ज्यानं पाणी घातलं त्यानं न्यायची, आणि ज्याला पाणी घालायला जमत नाही, म्हातारा आहे, आजारी आहे, त्याच्या दारात पोरांनी ठेवून यायची. गल्लीत यावरनं दोन भांडणं झाली, ती तुम्हाला माहीत आहेत. तिसरं झालं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता मिटलंय.

आता इथली खबर. तुम्ही दिवाळीनंतर जाताना कोपऱ्यात दवण्याचं बी टाकून गेला होतात, जोतिबाला आपल्या हातचा दवणा न्यायचा म्हणून. तो वीतभर झालाय. हात फिरवला की वास दिवसभर बोटाला राहतो. चैत्र पौर्णिमा यंदा एप्रिलच्या सुरुवातीलाच आहे, तोवर डॉक्टरांनी सोडलं तर बरं. पानांचा नवा ढीग लागलाय. यंदा कुणी काडी काढली नाही, उलट शेजारच्या गल्लीतली पोरं त्यांची पानं पोत्यात भरून आपल्याकडं टाकून गेली. मला वाटतं फुकटात झाडलोट करून घेण्याचा त्यांचा डाव आहे, पण पानं चांगली आहेत.

बागेला तुमचं नाव द्यायचा ठराव झालाय. तुम्ही नको म्हणणार म्हणून बोर्ड अजून रंगवला नाही. या वेळी तरी तुम्हाला विचारून करायचं ठरवलंय. फ्लेक्स करणार नाही, एवढं लिहून देतो.

आणि एक अडचण आहे, तिचं उत्तर लगेच पाहिजे. तुमचा राखेचा डबा उघडला. आत सहा पुरचुंड्या आहेत, प्रत्येकीला जुन्या लुगड्याच्या काठाची वेगवेगळी चिंधी बांधलेली. तुम्हाला लिहिता येत नाही म्हणून ही खूण, हे कळलं. भेंडी आणि चवळी बघून ओळखली, माठाचं काळं बारीक बीही ओळखलं. पण हिरव्या काठाची आणि जांभळ्या काठाची, दोन्हींत चपटं, काळपट बी आहे. पोरं म्हणतात एक दोडका, एक घोसाळं, खरं कुठलं कुठलं यावर एकमत नाही. मांडव एकालाच पुरेल एवढाच आहे. नातीकडनं फोन करून सांगा, हिरवी आधी भिजवू की जांभळी?

तुमचा,
गॉगलवाला